सेक्शन बी आणि शुक्रवारचा राहुकाळ

ऊर्मीने तीन आठवडे खपून टाइमटेबल बनवलं होतं. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, एका टर्मला सहा विषय, आणि मिल्टनच्या घरून कॉलेजपर्यंत रोजची ट्रेन. त्यात काय आखायचंय एवढं, असं कुणी म्हणेल. आखून बघा म्हणजे कळेल! सेक्शन, म्हणजे तुकड्या, एकूण चार; पण मंगळवार आणि गुरुवारची दुपार मोकळी सोडणारा एकच, सेक्शन बी. जागा चाळीस. सोलर कार बनवणारी कॉलेजच्या विद्यार्थ्यांची टीम भेटायची ती नेमकी त्याच दोन दुपारी. दोन्ही दिवस येणार असशील तरच घेऊ, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. अहो, त्या गाडीसाठीच तर तिने हे कॉलेज निवडलं होतं!

नोंदणी जुलैतल्या एका शुक्रवारी सकाळी साडेदहाला उघडणार होती. तेव्हा ऊर्मी वॉन गावातल्या वेअरहाउसमध्ये समर जॉबवर, फोन लॉकरमध्ये. म्हणून पासवर्ड बाबांना दिला. बाबा, म्हणजे जयदीप, सॉफ्टवेअरमधले, त्या दिवशी घरूनच काम करणार होते. "बाबा, साडेदहा म्हणजे साडेदहा. सेक्शन बी. एक क्लिक, बस्स!" तिने चारचारदा बजावलं आणि तसा कागदही मॉनिटरला चिकटवला.

संध्याकाळी ती बूटही न काढता थेट कॉम्प्युटरपाशी गेली. स्क्रीनवर सेक्शन डी. मंगळवारी लॅब, दोन ते पाच. गुरुवारी लॅब, दोन ते पाच.

"हे काय आहे, बाबा?"

"अगं, बी भरला होता. बारा वाजून पाच मिनिटांनी बघितलं मी."

"बारा पाच? व्हाय?"

"साडेदहा ते बारा राहुकाळ होता ना! चार वर्षांचं शिक्षण, त्याची सुरुवात अशी कशी करायची?" त्यांनी फ्रिजशेजारी लटकणाऱ्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवलं. आजी दरवर्षी ती पुण्याहून इकडे परदेशात पाठवायची.

ऊर्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर कोड लिहिणारा माणूस, आणि तिच्या कागदासमोर दीड तास हाताची घडी घालून बसून राहिला! एका शब्दाने विचारलंही नाही!

"जाऊ दे गं," प्रमोदिनी, तिची आई, स्वयंपाकघरातून म्हणाली. "विषय तर तेच आहेत ना?"

"आई, प्लीज!"

रडू येत होतं, पण या दोघांसमोर रडायची तिची अजिबात इच्छा नव्हती. तिने इंटरनेटवर राहुकाळ काढतात कसा ते शोधलं. पाच मिनिटांचं काम. मग कागद ओढला.

"सूर्योदय ते सूर्यास्त, आठ भाग. शुक्रवारचा चौथा. बरोबर?"

"बरोबर," बाबा जरा कौतुकानेच म्हणाले.

"सूर्य कुठला, पुण्याचा? इथे, एवढ्या उत्तरेला, आज पाच पन्नासला उगवलाय आणि रात्री नऊला मावळणार. करा भागाकार!"

त्यांनी केला. मग पुन्हा केला. साडेअकरा ते जवळजवळ दीड.

"म्हणजे साडेदहाला..."

"साडेदहाला काहीच नव्हतं! चांगली वेळ तुम्ही बसून घालवलीत आणि बरोब्बर राहुकाळात क्लिक केलंत."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. आता तरी सॉरी म्हणतील, असं ऊर्मीला वाटलं.

"मग असं करू या का," ते हळूच म्हणाले, "हे रद्द करू, आणि नीट वेळ बघून परत घेऊ?"

ऊर्मीने खुर्ची पुढे ओढली आणि सेक्शन बीच्या वेटलिस्टवर नाव टाकलं. नंबर आला एकतीस. मग पासवर्ड बदलायचं पान उघडलं. बाबा सवयीने मान पुढे करून स्क्रीनकडे बघू लागले.

"इकडे नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिकडे कॅलेंडर बघा."