ठकूबाईची अर्ध्या तासाची चाल

माणूस चालला की कुठंतरी पोचतो, एवढं तरी तळेघरच्या ठकूबाईला पक्कं ठाऊक होतं. आणि ही नातीची मशीन बघा! पट्टा पायाखालून पळतोय, माणूस घामाघूम होतोय, आणि समोरची भिंत आहे तिथंच. याला काय चालणं म्हणायचं?

नात श्रेया पुण्याच्या कॉलेजात संशोधन करत होती. पट्ट्यावर टेबल बसवायचं, माणसानं चालता चालता काम करायचं, आणि बसून केल्यापेक्षा चुका वाढतात का ते मोजायचं. जुन्नरात हॉल घेऊन तिनं एकोणतीस जणांना चालवलं होतं. तिसावी आजी.

पण ठकूबाई हौसेनं आली नव्हती. जुन्नरात राहणाऱ्या तिच्या पोरानं, म्हणजे श्रेयाच्या बापानं, सयाजीनं फर्मान काढलं होतं. "आई, तुझं गुडघं गेलं. यंदा आवणीला उतरायचं न्हाई. भाताचं खाचर शेजारच्या कुंडलिकला कसायला देतो." चिखलात भाताची रोपं लावणं म्हणजे ठकूबाईचा जीव की प्राण. ती चवताळली. "तुझ्या लेकीच्या मशीनवर अर्धा तास चालून दाखवते, मग बोल!"

"ठरलं," सयाजी म्हणाला.

आधी खुर्चीवर बसून काळे-पांढरे मणी दोन वाट्यांत निवडायचे होते. अकरा चुका झाल्या. "बसलं की डोळा लागतो बाई," ठकूबाई ओशाळून म्हणाली.

मग पट्टा. रिकाम्या हातांनी ती झकास चालली. पण मणी चिमटीत घेतले मात्र, पाय सरळ मागं निघाले! पट्टाही मागं, पायही मागं. श्रेयानं कवेत धरलं म्हणून बरं, नाहीतर म्हातारी भुईवरच आली असती.

"झालं समाधान?" सयाजी म्हणाला. "पाय राह्यलं न्हाईत तुझं."

ठकूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गुडघा दुखला नव्हता, चक्कर आली नव्हती. मग हे पाय ऐन वेळी फितूर का झाले? ती पायांकडं बघत राहिली, मग हाताकडं. चिमटीत अजून एक मणी होता.

"अगं बया!" ती ओरडली. "हातात काम आलं की माझं पाय मागंच जात्यात. आवणीत कुनी पुढं चालतं का? लावल्यालं रोप तुडवायचं व्हय? ते टेबल त्या टोकाला ने."

श्रेया गोंधळली. तिच्या कागदावर असलं काही नव्हतं. पण तिनं टेबल पट्ट्याच्या शेपटाकडं लावलं, आणि ठकूबाई पदर खोचून टेबलाकडं तोंड करून उभी राहिली. पट्टा तिला टेबलाकडं ओढी, ती एक एक पाऊल मागं टाकी. पायांकडं एकदाही न बघता तिची बोटं टपाटप मणी टाकत होती. अर्धा तास झाला. चूक एकच.

सयाजीचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या एकोणतीस जणांत तोही होता. पंचेचाळिशीचा धडधाकट गडी, एका हातानं दांडी धरून चालला होता आणि चौदा चुका करून उतरला होता.

"हे कुठल्या रकान्यात लिहू?" श्रेया पेन चावत म्हणाली. "बसून, की चालत? मागं चालण्याचा रकानाच नाही."

ठकूबाई खाली उतरली आणि तिनं सयाजीचा दंड गच्च धरला. "भुई हालतीय रं."

"सगळ्यांना होतं तसं, आजी," श्रेया म्हणाली. "बाबांना तर बसावं लागलं होतं."

सयाजीनं फोन काढून कुंडलिकला लावला. "भाऊ, खाचर द्यायचं न्हाई यंदा. आई लावनारे." मग आईकडं बघत म्हणाला, "मीबी येतो तिच्यासंगं."

"ये की," ठकूबाई म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही. "पर तू रोपाच्या जुड्या आनून दे नुसत्या. लावायचं माझ्याकडं राहू दे. तुझ्या चुका लई."