सैल चिलखतं

एकतीस चिलखतं परत आली. मी ज्या पोत्यांत निगुतीनं भरून दिली होती, त्याच पोत्यांत कशीतरी कोंबून. नाटकाच्या व्यवस्थापकाचं म्हणणं असं की, सगळी खांद्यावर दोन-दोन बोटं सैल आहेत आणि सैनिक चालायला लागले की खडखड वाजतात. मी म्हटलं, तुमचे सैनिकच काडीपैलवान, त्याला मी काय करू? पण फोन ठेवला आणि पोती उघडली. एखाददुसरं सैल निघालं तर समजू शकते. एकतीसच्या एकतीस?

आमचं काम तसं अवघड नाही, नुसतं पिट्ट्या पाडणारं आहे. प्लास्टिकची शीट हीट गननं तापवायची, मऊ पडली की अंगावर दाबून बसवायची आणि गार होईपर्यंत धरून ठेवायची. प्लास्टरचा पुतळा फुटला तेव्हापासून ते अंग वहिनीचं. जाड बंडी घालून ती उभी राहते. आपण शिपायाच्या मापाला फिट्ट आहोत, असं ती स्वतःच सांगते. भाऊ गेल्यावर आम्ही दोघीच उरलो, घरातही आणि या खोलीतही. शीट किती तापलीय ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळतं. फार गरम असेल तर जरा निवू द्यायची, मग लावायची.

आणि माझ्या बोटांना वर्षभर काही कळत नव्हतं. आधी शेंडे बधिर झाले, मग अख्खी पेरं. डॉक्टर म्हणाले, हे काम बंद करा. मी मान डोलावून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी गन हातात घेतली. तीस वर्षं हेच केलं, दुसरं मला येतं काय? वहिनीलाही सांगितलं नाही. शीट वाकायला लागली की अंदाजानं उचलायची. ती काही बोलत नाही म्हणजे ठीक असणार, असं धरून चालले होते.

त्या दुपारी वहिनी भाजी आणायला गेली होती. मी टेप तपासली, कागदी माप तपासलं, ते कापणाऱ्या स्वतःलाच चार शिव्या घातल्या. शेवटी खुंटीवरची बंडी काढली. ती जड लागली म्हणून उलटी केली. आतून दोन्ही खांद्यांवर टॉवेलच्या घड्या शिवल्या होत्या, एकीवर एक, बारीक टाक्यांनी. प्रत्येक घडीचा दोरा वेगळ्या रंगाचा. म्हणजे एका दिवसात शिवलेल्या नव्हत्या, जसजशी गरज पडली तसतशा चढवलेल्या. मी बोटं लावून पाहिली. बरोबर दोन बोटं जाड.

वहिनी आली. बंडी माझ्या मांडीवर पाहून तिनं पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि स्टुलावर बसली. मी रागावले, खोटं कशाला बोलू. सगळं काम मातीत घातलंस, तोंड उघडायला काय झालं होतं, असं बरंच ऐकवलं. मग तिनं विचारलं,

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत, वन्सं?"

तिला फार आधीच कळलं होतं. उकळत्या चहाचं भांडं मी फडक्याशिवाय उचलून सावकाश गाळत बसले होते, त्या दिवशी.

उद्या सकाळी राणीचं काम करणारी मुलगी येणार होती. राणीचा प्लास्टिकचा गळपट्टा बंडीवर बसवता येत नाही. मानेला पातळ फडकं गुंडाळून तो तिच्याच अंगावर दाबावा लागतो. त्या पोरीच्या गळ्याशी कुणी टॉवेल शिवलेले नव्हते. उद्या मी तिला भाजणार होते, त्यात शंकाच नव्हती.

मी कात्री घेतली आणि टाके उसवले. टॉवेल बाजूला ठेवून बंडी स्वतःच्या अंगात चढवली आणि गन वहिनीपुढे धरली. तिला हे जमायचं नाही, असं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, सैल खांदे पुन्हा तापवून आवळता येतात, एकतीस चिलखतांचे बासष्ट खांदे आहेत, संध्याकाळपर्यंत हात बसेल. उद्या गळपट्टाही तूच लाव, मी शेजारी उभी राहून सांगेन.

तिनं पहिला खांदा तापवला. बोट टेकवलं, झटकन मागे घेतलं, फुंकर घातली, थांबली. पुन्हा बोट टेकवलं. मग माझ्या खांद्यावर ठेवून दोन्ही हातांनी दाबला. बंडीतून धग आत शिरली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढं गरम असतं?" मी विचारलं.

खांदा गार होईपर्यंत हात काढायचा नसतो. तिनं काढला नाही.

"नाही, वन्सं," ती म्हणाली. "हे निवल्यावर लावलंय मी."