कान थकला

“थांबा, दौलतराव. ती खोकली.”

मोरिवलीच्या बोळात अंजनीबाई एकदम उभ्या राहिल्या. कोण खोकलं ते मी आजूबाजूला पाहू लागलो. त्या मात्र पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे बघत होत्या.

“माणूस नाही हो, कुकर. शिट्टी पूर्ण वाजत नाही, नुसती खोकतेय. चला वर.”

परक्या घराचं दार वाजवणं माझ्या जिवावर येतं. आमच्या कारखान्यात मी अर्ज-पत्रं लिहिणारा कारकून. अंजनीबाई तिथेच एकतीस वर्षं कुकरच्या शिट्ट्या तपासत होत्या. शिट्टी हवेच्या नळीवर बसवायची, कान द्यायचा, आवाज स्वच्छ आला की आतल्या बाजूला आपली खूण ठोकायची. त्यांची खूण दोन टिंबं. दिवसभर तेच काम, आणि संध्याकाळी चेहरा असा, जणू नुकत्याच कामावर येताहेत. मला ते कधी जमलं नाही.

दार एका तरुण बाईने उघडलं. “आम्हाला काही नको.”

“विकायला नाही आले, पोरी. तुझी डाळ कच्ची राहते ना?”

“तुम्हाला कोणी सांगितलं? सासूबाईंनी पाठवलं काय?”

“कुकरने सांगितलं.”

ती हसली. वैदेही तिचं नाव. “रोज बोलणी खाते हो मी. तीनच्या पाच शिट्ट्या केल्या तरी डाळ तशीच.”

कुकर निवाल्यावर अंजनीबाईंनी शिट्टी काढली, पदराने पुसली, उलटी केली. मी वाकून पाहिलं. दोन टिंबं.

गेल्याच आठवड्यात सुपरवायझर सुदाम त्यांना म्हणाला होता, “मावशी, वय झालं. पॅकिंगला बसा, आराम आहे.” त्या फणकारल्या होत्या, “कान तपास माझा! एक तरी खराब गेली काय?”

त्यांनी पिशवीतून स्वतःजवळची चांगली शिट्टी काढून वैदेहीला दिली. “माझी चूक होती. डाळ आता शिजेल. सासूला सांग, पोरीचा दोष नव्हता.”

बाहेर आल्यावर मी धीर करून म्हटलं, “कुणाला कळणार नाही, अंजनीबाई.”

“मला कळलं ना. इथे शांततेत ऐकू आली, तिथे कारखान्यात कंप्रेसरच्या आवाजात नाही आली. म्हणजे कान फसतोय.”

सकाळी त्यांनी ती शिट्टी सुदामच्या टेबलावर ठेवली.

“सोडा ना मावशी,” तो ओशाळून म्हणाला. “एक पीस गेला तर काय एवढं? कंप्लेंट पण नाही आली.”

“आली ना. मीच घेऊन आले.”

मग माझ्यासमोर बसल्या. “लिहा, मला पॅकिंगला टाका. आणि माझ्या जागी पॅकिंगमधल्या ऋतिकाला बसवा, तिचा कान चांगला आहे.”

आयुष्यभर जे लिहीत आलो तेच लिहिलं: वैयक्तिक कारणास्तव.

“काय लिहिलंत? वाचा.”

मी वाचलं.

“खोडा ते. वैयक्तिक कसलं? शिट्टी लोकांच्या घरात जाते, दौलतराव. बाई शिट्टीच्या भरवशावर गॅस चालू ठेवून पोराचा अभ्यास घेते. लिहा, कान थकला.”

मी खोडलं. कान थकला, एवढंच लिहिलं. माझ्या सगळ्या नोकरीतलं ते एकच वाक्य चांगलं असावं, आणि तेही माझं नाही.

महिनाभर मधल्या सुट्टीत, कंप्रेसर बंद झाला की, त्या ऋतिकाजवळ बसायच्या. तोंडाने फुंकून दाखवायच्या, “ही गाते. ही बघ, खोकते.” ऋतिका हसत म्हणायची, “मावशी, आता मला घरातली माणसं पण खोकल्यासारखी वाटतात.” सुट्टी संपली की त्या उठून पॅकिंगला जायच्या, पुठ्ठ्याची खोकी चिकटवायच्या. पहिल्या दिवशी एकदाच वळून आपल्या खुर्चीकडे पाहिलेलं मला दिसलं.

काल आम्ही पुन्हा त्याच बोळातून घरी निघालो होतो. वैदेहीच्या खिडकीखाली त्या थांबल्या. मीही थांबलो. वर शिट्टी झाली. त्यांनी अंगठा करंगळीवर टेकवला. दुसरी झाली, अंगठा पुढच्या बोटावर सरकला. मग बराच वेळ काहीच नाही. त्यांनी मान किंचित कलती केली.

तिसरी झाली. वर कुणीतरी गॅस बंद केला.

“चला,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही चालू लागलो.