खुरांसाठी तीन डबे

घोड्याच्या खुराला म्हणे टॉनिक. गणपत परबाने चाळीस वर्षं शर्यतीच्या घोड्यांची मोतद्दारी केली, पण असला चावटपणा ऐकला नव्हता. आणि त्याचाच मुलगा धनेश भोईवाड्यातल्या पत्र्याच्या तबेल्यात तीन डबे मांडून बसला होता.

धनेशची एकुलती एक घोडी चिमणी दसऱ्यापासून पुढचे पाय जपून टाकत होती. तुळशीची लग्नं लागली की वराती सुरू. तोवर ती धड चालली नाही तर तिला दलालाच्या हवाली करायचं धनेशने ठरवलं होतं. ते ऐकल्यापासून गणपतचं जेवणावर लक्ष नव्हतं.

"हा बायोटिनचा. ह्या दुसऱ्यात झिंक पण आहे. आणि हा इम्पोर्टेड, रिव्ह्यू एकदम टॉप," धनेश म्हणाला.

"घोडीक काय कळता, इम्पोर्टेड हा काय देशी?" गणपतने तिसरा डबा उचलला. त्यावरचा घोडा केशतेलाच्या जाहिरातीतल्या बाईसारखी आयाळ उडवत समुद्रकाठी पळत होता. "ह्याका एकदा लालबागच्या वरातीत बँजोच्या पुढे उभो कर. मग बघूया."

"बाबा, मग तुम्हीच सांगा ना उपाय."

"आमच्या वेळी हरभरा, गूळ नि हाताची मालिश. मालकांका डबे नको होते, अक्कल होती."

बोलता बोलता त्याने बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढून चिमणीच्या तोंडाशी धरला. रोज संध्याकाळी एक, हा त्याचा नेम. ती लंगडायला लागल्यापासून ताकदीसाठी तो चार देत होता. त्याचं पाऊल वाजलं की घोडी मान वर करायची. जनावर माणूस ओळखतं, असं तो सगळ्या चाळीला ऐकवायचा.

दुसऱ्या दिवशी धनेशने परळहून जनावरांची डॉक्टर आणली. सुरुची नाव, वय असेल तिशीचं. तिचे कोरे गमबूट पाहून गणपत मनात हसला. हिच्या वयापेक्षा जास्त वर्षं आपण खूर खरवडलेत.

तिने डबे बाजूला सारले. चिमणीच्या खुरावर तळहात ठेवला, मग चिमट्याने खूर हलकेच दाबला. घोडी अंग चोरून मागे सरली.

"खूर गरम आहे. ह्या वळ्या बघा, आतून सूज आहे. हिला गोड कोण देतं?"

गणपतला हवंच होतं ते. "कोण देणार? अख्खी चाळ. दसऱ्याक पुरणपोळी, दिवाळीत करंजी, अनारसे. घोडी हा की गणपतीचा उंदीर, ह्या बायांका कळत नाय. एकीक अक्कल असात तर शप्पत."

तो तोंडाचा पट्टा चालवत असताना चिमणीने मान लांब करून त्याच्या खिशात नाक खुपसलं. चार खडे खाली पडले. ती ते शोधू लागली.

गणपतला एवढी लाज वाटली की ते उचलायलाही त्याला वाकवेना.

"गोड जास्त झालं की खुराच्या आत सूज येते," डॉक्टर म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच त्याला झोंबलं. "गूळ, हरभरा बंद. भिजवलेलं वाळकं गवत द्या, पायाखाली जाड भुसा घाला. तीन महिने वरात नाही. इम्पोर्टेड डबा परत करा, त्यात काकवी आहे. बायोटिनचा चालेल, पण नवा खूर उतरायला वर्ष जाईल."

ती गेल्यावर धनेशने उरलेले खडे वेचून बाहेर फेकले.

"कारण कळलं ना, मग दलालाला नको म्हणून कळवतो," तो म्हणाला. "पण बाबा, आत येताना खिसे दाखवून यायचं."

चाळीस वर्षांच्या मोतद्दाराची झडती. गणपतच्या ओठांवर शिवी आली होती, ती त्याने गिळली.

संध्याकाळी त्याने दारातच बंडी काढून खुंटीला टांगली आणि उघड्या अंगाने आत गेला. पाऊल वाजताच चिमणीने मान वर केली. त्याचे हात हुंगले, पोट हुंगलं, काही मिळालं नाही, तशी तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"खादाड मेली," गणपत म्हणाला. मग तिच्याकडे न बघता तो बादलीत गवत भिजवायला बसला.