लिलावाआधी अंघोळ केलेली बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. 'जुनी' असं मी स्वतःला म्हणते. दुसऱ्या कोणी म्हटलेलं मला खपत नाही.

कोकणातल्या लोटे गावच्या एका रंगाच्या कारखान्यात मी कामाला होते. अलोऱ्याहून पाळीची माणसं आणायची आणि सुटी झाली की घरी सोडायची. महिपतदादा माझे ड्रायव्हर. दर खंडेनवमीला ते मला चाकांपासून टपापर्यंत धूत, मग झेंडूचा हार घालत. मोठे साहेबसुद्धा म्हणायचे, "ही कधी दगा देत नाही."

दगा कंपनीनेच दिला. देणी थकत गेली. शेवटी न्यायालयाने आदेश दिला, की ही कंपनी देणी फेडू शकत नाही. ती बंद करा, तिचं सगळं विका आणि ज्याचं त्याला द्या. हे काम ज्याच्यावर सोपवलं त्या अधिकाऱ्याची, म्हणजे लिक्विडेटरची, माणसं आली आणि दारांना सील लागलं. मी फणसाखाली उभी राहिले. पावसाळे गेले, टपावर शेवाळ चढलं, सीटखाली मुंगसाने संसार थाटला. फार एकटं वाटायचं हो.

मग माझा लिलाव निघाला. महिपतदादा आणि त्यांच्या कारखान्यातल्या सोबत्यांनी मला विकत घेऊन दुसऱ्या कारखान्यांच्या माणसांसाठी चालवायचं ठरवलं. दादांनी सगळ्यांना बजावलं, "गाडीला कुनी हात लावू नका. अशीच घान दिसली तर स्वस्तात मिळंल."

पण गिऱ्हाइकांनी माल बघायचा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. दादा हार घेऊन आले आणि माझ्याकडे बघत उभेच राहिले. लिक्विडेटरच्या ऑफिसातल्या रसिका मॅडमना म्हणाले, "बिनधुतल्या गाडीला हार कसा घालू वो? बादलीभर पानी घेऊ?"

"पाणी घ्या. पण काही काढून न्यायचं नाही."

एका बादलीवर कुठलं भागतंय! सगळेच बाह्या सरसावून भिडले. त्या सोबत्यांतल्या सदूने आपल्या टेम्पोची बॅटरी आणून जोडली. मी खोकले, धूर सोडला आणि सुरू झाले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात सदूला भोवतीची बाहेरगावची गिऱ्हाइकं दिसली. ती माझ्याकडेच बघत होती.

"दादा, काय करून बसलो आपन!" तो म्हणाला.

व्हायचं तेच झालं. बोलींची बंद पाकिटं उघडली तेव्हा गुहागरच्या मथुराताईंची बोली सगळ्यांत वर निघाली. त्या शाळेच्या मुलांची ने-आण करतात. मला न्यायला त्या आल्या, तेव्हा दादांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बाय, घाटात तिला दमवू नका."

"मला कशाला सांगताय?" मथुराताई म्हणाल्या. "माझ्या दुसऱ्या गाडीला सुटे भाग हवे होते. हिला मी खोलूनच टाकणार होते. तुम्ही चालू केलीत म्हणून अख्खी बस घेतली. आता चालवायला तुम्हीच चला."

दादांनी सोबत्यांकडे बघितलं. माझी जी जास्त किंमत आली, तिच्यातून कामगारांच्या थकलेल्या पगारालाही वाटा मिळेल, असं मॅडमनी त्यांना सांगितलं होतं. सदूने दादांना पाठीवर थाप मारून पुढे ढकललं. "जावा वो! आमाला कदी फिरवून आना म्हंजे झाला."

मित्रांनो, मला धुतलं तर आपलाच तोटा होईल, हे दादांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांना राहवलं नाही. वस्तूंवर अशी माया करा, नफा-तोटा न बघता. आता मी रोज तुमच्यासारख्या मुलांना शाळेत नेते. ती खिडकीतून समुद्र बघून ओरडतात, आणि पुढे महिपतदादा त्यांच्याहून मोठ्याने हसतात.