टेस्टर पेटला नाही

मित्रांनो, वायरमनच्या खिशाला पेनासारखं काहीतरी अडकवलेलं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. तोच मी. मी एक जुना टेस्टर आहे. दिसायला स्क्रूड्रायव्हरचा किरकोळ भाऊ, आणि लोकही मला तसंच वागवतात. स्क्रू फिरवायला मी, डब्याचं झाकण उचकटायला मी, पाठ खाजवायलासुद्धा मीच. माझं खरं काम काय, हे कुणाला आठवलं तर आठवलं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बायका ओळीनं बसायच्या. एकीनं माझ्या पोटात करंटला लगाम घालणारी कांडी सरकवली, दुसरीनं तांदळाच्या दाण्याएवढा दिवा, तिसरीनं स्प्रिंग, आणि चौथीनं वरून पितळी टोपी फिरवून घट्ट केली. माझं टोक तारेला लावायचं आणि टोपीवर बोट ठेवायचं. तारेत करंट असेल तर त्याचा अगदी कण तुमच्या अंगातून जातो, तुम्हाला कळतही नाही, आणि माझा दिवा लाल होतो. एकट्यानं मला पेटता येत नाही. माणसाचं बोट लागतंच.

मी लाल झालो तर हात लावू नका, एवढंच मला बोलता येतं. मी पेटलो नाही तर काय समजायचं, ते लोक आपल्या सोयीनं ठरवतात. तार मेलेली असते, किंवा मी मेलेलो असतो. हा दुसरा अर्थ फारसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

मला एका वायरमननं विकत घेतलं. माणूस कामाला वाघ होता. भिंतीवरून नुसता हात फिरवून सांगायचा, तार इथून गेलीय. तेव्हा त्यानं मला फार जपलं. काम झालं की शर्टाला पुसून खिशात ठेवायचा आणि लोकांना म्हणायचा, "हा आहे म्हणून मी आहे." मी अगदी फुशारून जायचो. आता आठवलं की वाईट वाटतं.

कारण हा माणूस आतून कडू होता. त्याच्या उस्तादानं त्याला शिकवताना फसवून करंटची तार धरायला लावली होती, आणि तो कोसळल्यावर पाठ थोपटून चहा पाजला होता. झटका खाल्ल्याशिवाय वायरमन तयार होत नाही, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याच्या हाताखाली नवा माणूस आला की तो एक तार पुढे करायचा आणि म्हणायचा, "बंद आहे, धर." ती कधीच बंद नसायची. काही जण त्याच दिवशी चपला घालून निघून गेले. जे टिकले, त्यांची पुढे परीक्षा व्हायची. मेन स्विच बंद केला असं सांगून माणसाला शिडीवर चढवायचं, आणि तो वर गेला की गुपचूप मेन चालू करायचा. त्यानं तारेला टेस्टर लावून पाहिलं तर पास. नाही पाहिलं तर झटका. दोन्ही वेळा वायरमन पोट धरून हसायचा.

त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ टेलर होता. तयार कपड्यांची दुकानं आली आणि त्याचं दुकान बसलं. बायकोला आणि लहान मुलीला तिच्या माहेरी ठेवून तो एक पिशवी घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला.

"ताई, भावोजींना सांग ना, मला हाताखाली घ्या म्हणावं," तो म्हणाला. "चार कामं स्वतःची मिळाली की एक खोली बघतो आणि दोघींना घेऊन येतो. पोरगी रोज विचारते गं, कधी न्यायला येणार म्हणून."

वायरमन आतून ऐकत होता. "सुईत दोरा ओवणारा माणूस आता तार ओढणार," तो म्हणाला. "ये ये. बायकोचा भाऊ म्हणजे हक्काचा गडी."

ताईला वाटलं, थट्टा करतायत. ती हसली.

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातला बोर्ड उघडा करून वायरमननं एक तार बाहेर काढली. "बंद आहे, धर." भावोजीच सांगतायत म्हटल्यावर टेलरनं धरली. तो मागे भिंतीवर आपटला आणि खाली बसला. वायरमनच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

"अहो, हे काय केलंत?" ताई म्हणाली.

"शिकवलं. आता जन्मात विसरणार नाही."

टेलरनं झटका बसलेला हात मांडीवर चोळला. मग एवढंच म्हणाला, "भावोजी, तुमचा टेस्टर माझ्याकडे ठेवू का?" त्या दिवसापासून मी त्याच्या खिशात राहू लागलो. मित्रांनो, मला कुणी इतक्या गरजेनं कधी मागितलं नव्हतं.

आणि काय शिकला तो. लाल तार फेज, म्हणजे करंट घेऊन येणारी. काळी न्यूट्रल, त्याला परत नेणारी. हिरवी अर्थिंगची, चुकार करंटला जमिनीत नेऊन सोडणारी. बटण नेहमी फेजवर बसवायचं, न्यूट्रलवर कधीच नाही. पाइपातून तार ओढायला इतरांच्या नाकी नऊ येतात, पण त्याला ते परकरात नाडी ओवण्यासारखं वाटायचं. तारांच्या सांध्यावर टेप अशी गुंडाळायचा की काज केलंय असं वाटावं. रात्रीच्या जेवणाला बसला की ताईला सांगायचा, "आज बोर्ड एकट्यानं बसवला." ताई त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची.

त्यानं स्वतःपुरता एक नियमही करून घेतला होता. कामाला हात घालण्याआधी मला एखाद्या चालू प्लगात घालून पाहायचं. मी पेटलो की मगच माझ्यावर विश्वास टाकायचा. वायरमनला ते पाहून चेव यायचा.

"टेस्टरचीही टेस्ट घेतो हा," तो चारचौघांत म्हणायचा. "बायकोलाही रोज सकाळी विचारतोस का रे, माझीच ना म्हणून?"

लोक हसायचे. टेलर मान खाली घालून काम करायचा. पोटासाठी काय काय गिळावं लागतं, ते मी त्याच्या छातीपाशी राहून ऐकलंय.

मग एका बाईंच्या घराचं काम आलं. जुनी वायरिंग काढून सगळं नवं करायचं होतं. त्या एकट्याच राहायच्या आणि प्रत्येक गोष्टीकडे बारीक लक्ष ठेवायच्या. घरातल्या बोळातला दिवा वायरमननं स्वतः बसवला होता. होल्डर थोडा तिरका वाटला म्हणून टेलरनं बटण बंद केलं, शिडीवर चढून बल्ब काढला आणि सवयीनं मला होल्डरमध्ये लावलं. मी लालभडक पेटलो.

"भावोजी, बटण बंद आहे तरी इथे करंट आहे," तो वरून म्हणाला. "बटण न्यूट्रलवर बसलंय."

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

तो भाबडा. त्यानं समजावून सांगितलं की अशा वेळी दिवा विझतो, पण करंट होल्डरपर्यंत येऊन बसलेलाच असतो. बल्ब बदलायला कुणी हात घातला आणि आतल्या पत्र्याला बोट लागलं, की संपलं.

"अहो, काल मीच पुसला तो," बाई म्हणाल्या. "कुणी बसवलं हे असं?"

"यानंच बसवलं असणार," वायरमन म्हणाला.

"नाही हो, तुम्हीच होतात शिडीवर. मी इथेच उभी होते."

वायरमननं हसण्यावारी नेलं. "बघू उद्या. इथे काही झालेलं नाही, याला उगाच सगळीकडे भूत दिसतं." त्यानं बल्ब परत लावला आणि बोळातलं काम तसंच सोडून दिलं. पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बायकोच्या भावानं गिऱ्हाइकासमोर आपली अब्रू काढली, हे त्याला जाता जाईना. परीक्षेचा दिवस त्यानं तिथेच ठरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरनं मला नेहमीप्रमाणे चालू प्लगात घालून पाहिलं. मी पेटलो. मग मेन बंद झाला आणि स्वयंपाकघरातलं काम सुरू झालं. बोर्डाची पेटी भिंतीत बसेना, कडेचं प्लास्टर थोडं फोडायला हवं होतं, आणि छिन्नी राहिली होती बाहेर अंगणातल्या पिशवीत. वायरमननं मेहुण्याच्या खिशातून मला उपसलं, टोक भिंतीवर टेकवलं आणि माझ्या डोक्यावर हातोडा घातला.

"भावोजी, छिन्नी आणतो ना मी," टेलर म्हणाला.

"तू आणेपर्यंत माझं काम होतं."

त्यानं मला ठोकलं. पुन्हा ठोकलं. प्लास्टर उडत होतं आणि माझ्या पोटात सगळं हलत होतं. एका घावाला आत किरकन काहीतरी तुटलं. तो माझा दिवा होता. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानं मला झटकून मेहुण्याच्या हातात दिलं.

टेलरनं मला उजेडाकडे धरून पाहिलं. "भावोजी, एक मिनिट मेन लावून बघू का, हा पेटतोय का ते?"

"झालं याचं सुरू. चढ वर, ती तार सोलून दे. मेन बंद आहे ना, मग कशाला मरतोस?"

तो चढला. वायरमन बोळात मेनपाशी गेला. त्यानं हळूच मेन वर करून चालू केला आणि कान देऊन उभा राहिला. मी तुम्हाला खरं तेच सांगतो, त्याला मारायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याला मेहुण्याची घाबरलेली किंकाळी हवी होती. काल गेलेली अब्रू त्याला तेवढ्यात भरून मिळणार होती.

टेलरनं मला तारेला लावलं. टोपीवर बोट ठेवलं. खिडकीतला उजेड आड येऊ नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि नीट पाहिलं. थांबून पुन्हा पाहिलं. करंट माझ्या टोकाशी येऊन उभा होता आणि मला काही करता येत नव्हतं. त्यानं मला खिशात ठेवलं, तोल सावरायला डावा हात नळाच्या लोखंडी पाइपावर ठेवला आणि उजव्या हातानं तार धरली.

करंट लागला की मूठ सुटत नाही, मित्रांनो, ती आणखी आवळते. त्याच्या तोंडातून आवाजही निघाला नाही. वायरमन बोळात किंकाळीची वाट पाहत राहिला. शिडी थरथरायला लागली तेव्हा कुठे त्यानं मेन पाडून बंद केला.

टेलर जगला. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट मात्र आतपर्यंत भाजलं होतं. तो डॉक्टरांना फक्त एक विचारत होता, "सुई तरी धरता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "नाही."

वायरमन दवाखान्यात ताईला सांगत होता, "मेन मीच लावला होता. परीक्षा घेतो मी, सगळ्यांची घेतो. यानं तपासलंच नाही. टेस्टर खिशात ठेवून कुणी तार धरतं का?"

"मी पाहिलं होतं, ताई," टेलर खाटेवरून म्हणाला. "दोनदा पाहिलं. पेटला नव्हता."

"आता खोटंही बोलायला लागला," वायरमन म्हणाला. आणि त्याला ते खरोखरच खोटं वाटत होतं.

टेलर सासरी गेला. तो एक खोली घेऊन मुलीला आणणार होता. त्याऐवजी त्याच्या सासूनं त्याच्यासाठी कोपऱ्यात अंथरूण घातलं. शर्टाची बटणं आता त्याला ती चिमुरडी लावून देते. हे ताई भेटून आली तेव्हा शेजारणीला सांगताना मी ऐकलं. तेव्हा मी दवाखान्यातून आलेल्या कपड्यांच्या गाठोड्यात पडून होतो.

आज सकाळी वायरमन म्हणाला, "माझा टेस्टर बघ गं त्या कपड्यांत. त्या बाईंचं काम पुरं करून टाकतो. त्या म्हणतायत, आधी बोळातला दिवा बघा."

ताईनं गाठोडं सोडलं. जळक्या बाहीचा शर्ट उलगडला आणि मला बाहेर काढलं. ओट्यावर मिक्सर चालू होता. तिनं त्याची पिन काढली आणि त्याच प्लगात मला घातलं, भाऊ घालायचा तसं. टोपीवर बोट ठेवलं. मी पेटलो नाही. तिनं पिन परत लावली, मिक्सर गरगरला. पुन्हा पिन काढून मला लावलं. मी पेटलो नाही. मग तिनं मला हातात फिरवून पाहिलं आणि टोपीवरच्या हातोड्याच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

भाऊ खरं बोलत होता, हे तिला त्या क्षणी कळलं.

"सापडला का?" वायरमन न्हाणीघरातून म्हणाला.

"सापडला."

चालतोय का, असं त्यानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मला तरी असं वाटतं. त्यानं विचारलं नाही. तिनं त्याच्या शर्टाला इस्त्री केली, मला खिशात अडकवलं आणि शर्ट त्याच्या हातात दिला. रोज ती दारात येऊन "जपून जा" म्हणते. आज म्हणाली नाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. मला हातोड्याखाली घालू नका. कुणाला शिकवायचं असेल तर त्याला फसवू नका. आणि मला हातात घेतलंत की आधी एखाद्या चालू प्लगात लावून बघा, मगच माझ्या शब्दावर जीव टाका. मला आवाज असता तर हे मी आत्ता, याच घटकेला, मोठ्यानं सांगितलं असतं.

कारण मी बोळात आहे. शिडी लावलेली आहे, मेन चालू आहे, बटण बंद आहे आणि बल्ब काढलेला आहे. वायरमन मला होल्डरमध्ये लावून बघतोय. त्याचं बोट माझ्या टोपीवर आहे.

"हे पाहा बाई," तो वरून म्हणतोय. "करंट-बिरंट काही नाही. तेव्हाही खोटंच बोलत होता तो."

तो मला खिशात ठेवतो आणि होल्डरकडे हात नेतो.