ओहोळातलं झाड

भिवाजीनं कुदळ उचलली आणि बुधी सरळ वाफ्यापुढं चिखलात बसली. टोपली बाजूला ठेवून, ऐसपैस मांडी घालून, जशी काही पंगतीलाच बसली होती. आता कुदळ मारायची तर आधी बुधीवर मारावी लागणार होती, आणि तेवढी छाती अख्ख्या दहिवलीत कोणाची नव्हती.

"ऊठ गं," भिवाजी म्हणाला. "मेली ती. दिसत नाय का तुला?"

"मेली नायत. आत्ता कुठं जल्माला आलीत."

वाफ्यात नऊ रोपं होती, एकही वीतभर नव्हतं. प्रत्येकाच्या शेंड्याला तांबूस पानं ओल्या चिंधीसारखी लोंबत होती. श्रावण महिना, बाकीच्या परसात हिरवाई मावत नव्हती, आणि हे नऊ जण तेवढे माना टाकून उभे. भिवाजीचं म्हणणं साधं होतं. फणसाखालच्या गर्द सावलीत, एवढ्या ओलीत मुळं कुजली असणार. उन्हात हलवली तर एखादं वाचेल, नाहीतर निदान वाफा तरी मोकळा होईल.

परस वैद्यबुवांचं होतं आणि भिवाजी त्यांचा जुना गडी. बुधी ही पळसदरीच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतली ठाकरीण. नवरा, पोशा, मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. त्याला आता सहा वर्षं झाली होती. तो जिवंत असताना रानातल्या मुळ्या आणि साली बुवांकडे तोच आणायचा. तो गेल्यावर दर बाजारच्या दिवशी बुधी डोक्यावर टोपली घेऊन डोंगर उतरू लागली, आणि पोशापेक्षा तिला रान जास्त कळतं हे बुवांच्या लवकरच ध्यानात आलं.

ध्यानात आलं ते जरा झोंबूनच आलं. बुवांच्या अंगणात एक उंच, सरळसोट झाड होतं, मुंबईहून रोप आणून लावलेलं. बुवा त्याला अशोक म्हणत, म्हणून सगळी दहिवली म्हणे, आणि त्याचीच साल बायकांच्या दुखण्यावरच्या काढ्यात अकरा वर्षं पडत होती. बुधीनं पहिल्याच खेपेला ते झाड मान वर करून पाहिलं, नखानं साल खरवडून हुंगली आणि म्हणाली, "बुवा, ह्यो तो नाय."

बुवांना राग आला. ज्यानं काशीपर्यंत जाऊन विद्या आणली त्याला डोंगरावरची बाई असं सांगते म्हटल्यावर राग येणारच. पण फाल्गुनात बुधीनं आपल्या वाडीजवळच्या ओहोळातल्या झाडाची एक डहाळी आणून ओटीवर ठेवली. जुन्या लाकडालाच फुटलेले शेंदरी-लाल फुलांचे गुच्छ, आणि वास असा की माजघरातल्या बायका बाहेर आल्या. बुवांनी पोथी काढली, पानं उलटली, डहाळी पाहिली, पुन्हा पोथी पाहिली. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र अंगणातल्या झाडाची साल काढ्यात पडली नाही. चूक कळल्यावर ती कबूल करायला मोठं मन लागतं, ते बुवांपाशी होतं.

तेव्हापासून खऱ्या झाडाची साल बुधी आणू लागली. तिची एक रीत होती. वर्षातून एकदाच, तळहाताएवढा तुकडा काढायचा, दरवर्षी नव्या जागी, आणि जखमेवर लगेच शेणमाती लिंपायची. ओहोळाच्या काठाला एके काळी अशी चार झाडं होती. बुधीच्या हाती आलं तेव्हा एकच उरलं होतं, जांभळीच्या सावलीत वाढलेलं, फार उंच नाही, पण चांगलं डेरेदार.

मग गेल्या पौषात शिळफाट्याच्या कुणा व्यापाऱ्याची माणसं ओहोळात शिरली. बुधी चार दिवसांनी गेली तर झाड कमरेपासून खांद्यापर्यंत चहूबाजूंनी सोललेलं. ती तिथंच खाली बसली आणि नवरा गेला तेव्हा रडली नव्हती एवढी रडली. लिंपायला जागाच ठेवली नव्हती मेल्यांनी. झाडालाही बहुधा कळलं असावं, कारण त्या फाल्गुनात ते कधी नव्हे एवढं फुललं, आणि आषाढ लागला तशा त्याच्या चपट्या काळ्या शेंगा तडकल्या. तोवर वरची पानं झडली होती. ही शेवटचीच बी, हे बुधीला सांगायला कुणी लागत नव्हतं.

बी परसात रुजवायचा खटाटोप त्याआधी दोनदा झाला होता आणि दोन्ही वेळा फसला होता. दोन्ही वेळा बी भिवाजीच्या हाती गेली होती. भिवाजी म्हणजे भाताच्या बियाण्यात पंचक्रोशीत नावाजलेला माणूस, पार खालापुराकडचे शेतकरी त्याच्याकडून बियाणं मागून नेत. दाताखाली कट्कन वाजेपर्यंत ऊन द्यायचं, राखेत घोळवायचं, कणगीत ठेवायचं, ही त्याची जन्माची विद्या. अशोकाच्या बीलाही त्यानं तसंच मायेनं ऊन दिलं. दोन्ही वर्षं एक कोंब दिसला नाही.

या खेपेला बुधीनं बावीस बिया पदराच्या ओल्या गाठीत बांधून आणल्या आणि भिवाजीच्या हाताला लागू दिल्या नाहीत. ही बी वाळली की मरते, झाडाखाली पडते तशी पाल्यातच फुटते, असं तिनं बुवांना सांगितलं आणि त्याच दिवशी फणसाखाली, कुजक्या पाल्याच्या काळ्या मातीत पेरली. भिवाजी लांब उभा राहून बघत होता. आपल्या बियाण्याला कुणी नावं ठेवल्याचं त्याच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. बावीसांतल्या नऊ रुजल्या तरी तो वाफ्याकडे फिरकला नाही. पानं लोंबली तेव्हा मात्र त्यानं कुदळ आणली.

आवाज ऐकून बुवा बाहेर आले. चष्मा चढवून वाफ्यावर वाकले, एक पान बोटावर घेतलं. ते बोटावरून तसंच खाली ओघळलं.

"बुधी, मलाही ही गेलेलीच दिसतात गं," ते हळू आवाजात म्हणाले.

बुधीनं ओघळलेलं पान पुन्हा वर धरून पाहिलं. मोठ्या झाडाची नवी पालवी अशीच लोंबते, मग हिरवी होऊन ताठ होते, हे तिनं दरवर्षी पाहिलं होतं. पण इवल्या रोपाचं काय होतं ते तिनं तरी कुठं पाहिलं होतं? ओहोळात रोपं उगवायची ती गुरं खाऊन टाकायची. कदाचित भिवाजीचंच खरं असेल. तिनं ते तोंडावर दिसू दिलं नाही.

"दोन बाजार थांबा, बुवा," ती म्हणाली. "नाय उभी राहिली तर माज्या हातानं उपटीन. आन मंग झाड वळखते म्हणून तुमच्या दारात पाय ठेवणार नाय."

बुवांनी भिवाजीला थांबायची खूण केली. भिवाजीनं कुदळ खांद्यावर टाकली आणि तो गोठ्याकडे निघून गेला.

पुढच्या बाजारी पानं तशीच होती. पण वाफ्यात तणाची काडी नव्हती, आणि फणसावरून ठिबकणाऱ्या पाण्यानं माती उडून पानांवर बसू नये म्हणून कुणीतरी वर बांबूचा तट्ट्या बांधला होता. बुधीनं तट्ट्या पाहिला, गाठ पाहिली. बैलाच्या दाव्याला मारतात ती गाठ होती.

दुसऱ्या बाजारी ती दहिवलीत शिरली तर भिवाजी फाटकातच उभा.

"चल," एवढंच म्हणून तो पुढं झाला.

नवांतली पाच रोपं उभी होती. पानं हिरवीगार, चांभाराच्या कातड्यासारखी ताठ, तकतकीत. उरलेल्या चारांचा तांबूसपणा उतरत होता. बुधीनं कमरेवर हात ठेवून ती पोटभर पाहिली. तिला अभिमान वाटला, आणि तो लपवायची तिला काही गरज वाटली नाही. बुवांनी तिला ओटीवर बसवून गूळपाणी दिलं आणि आल्यागेल्याला रोपं दाखवताना ते तिचं नाव घेऊ लागले.

वर्ष गेलं. पुढच्या आषाढात रोपं हातभर झाली तेव्हा बुधीनं त्यांतली तीन मागितली, ओहोळात लावायला.

"अगं, तिथं रानात कोण बघणार आहे?" बुवा म्हणाले.

"बघायला कशाला पायजे? तितलं हाय ते. तितंच ऱ्हायला पायजे."

बुवांनी तीन रोपं काढायला सांगितली. बुधी पाटीत ती भरू लागली, तर भिवाजीनं न विचारता कावड आणली, दोन रोपं मातीसकट दोन बाजूंना बसवली आणि कुदळ पाठीला अडकवली. तिसरं बुधीनं डोक्यावर घेतलं.

बाजार भरलेला होता. पुढं ठाकरीण, मागं कावड घेतलेला भिवाजी, ही वरात बघून दुकानदार नागू ओट्यावरून उठलाच. कुठं चाललात म्हणून त्यानं विचारलं. रानात झाड लावायला, असं भिवाजीनं सरळ सांगितलं. नागू पोट धरून हसला, रानात झाडं कमी पडली का म्हणाला, आणि आणखी चारजण हसले. भिवाजीनं खांदा बदलला.

"हे कमी पडलंय," तो म्हणाला. "हिनं वळखलं, हिनं रुजवलं. माज्याच्यानं नाय झालं."

हे त्यानं भर बाजारात सांगितलं. त्याच्याकडून बियाणं नेणारी चार माणसं तिथंच उभी होती. बुधीनं मागं वळून पाहिलं नाही. डोक्यावरचं रोप हलू न देता ती पुढं चालत राहिली, पण तिची चाल बदलली होती.

ओहोळात जुनं झाड अजून उभं होतं, वाळून पांढरं पडलेलं. बुधीनं रोप उतरवलं आणि त्या खोडाला हात लावून क्षणभर थांबली. भिवाजीनं कावड टेकवली, कुदळ सोडवली, धोतर खोचलं. तीस वर्षं त्यानं जमीन खणली होती आणि कुठं खणायचं हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मग कुदळ तशीच हातात धरून तो उभा राहिला.

"बुधी," तो म्हणाला, "कुठं खणू?"

बुधी जांभळीखाली गेली, पायानं पाला बाजूला सारला, खालची माती चिमटीत घेऊन पाहिली.

"हितं," ती म्हणाली. भिवाजी खाली वाकला आणि खणू लागला.